थंडरबर्ड ३५० ची तीनचाकी करायची तर पैसा कुठं घालायचा आणि कुठं नाही

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांची २०१२ ची थंडरबर्ड ३५० आहे, डाव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सिग्नलला गाडी थांबली की पायावर तोलता येत नाही, गाडी विकायला ते तयार नाहीत, बजेट ६० हजार, मारुती ८०० चा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) टाकून घरच्या घरी मागं दोन चाकं होतील का, आणि झाली तर आईला मागं बसवून मालवणपर्यंत जाता येईल का. होतंय. उद्यमनगरात लेथ, मिलिंग, गिअर कटिंग सगळं हाताशी आहे, त्यामुळं कोल्हापुरात बसून हे काम न होण्यासारखं काही नाही. पण तू ज्या क्रमानं विचार करतोयस, म्हणजे आधी डिफरन्शियल, मग बॉडी, मग बघू आरटीओचं, तो क्रम उलटा कर, नाहीतर ६० हजार जातील आणि गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहील.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसी बुकातली माहिती वेगळी पडेल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच ठासून सांगितलंय. दोनाची तीन चाकं म्हणजे तर सरळसरळ गाडीचा प्रकारच बदलला. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या केसमध्ये वाट मोकळी आहे ती वडिलांच्या पायामुळं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच कलम ५२ मध्ये दिव्यांग माणसाच्या वापरासाठी गाडी 'अडॅप्टेड व्हेईकल' करायची मुभा दिली आहे, आरटीओची मंजुरी नंतर घेतली तरी चालते असं त्यात लिहिलंय. तरी मी सांगेन की नंतर नको, आधीच जा. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घे, हातानं काढलेलं का असेना पण मापासकट स्केच घेऊन एमएच ०९ च्या मोटार वाहन निरीक्षकाला भेट, ते काय बघणार ते त्यांच्याच तोंडून ऐकून घे. ब्रेक, रुंदी, लाइट, मडगार्ड याबद्दल ते जे बोलतील ते लिहून आण आणि त्याप्रमाणंच बनव. वडिलांच्या लायसनवर पण अडॅप्टेड व्हेईकलची नोंद लागेल, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करायला त्यांना आयतं कारण मिळतंय. अशी गाडी कायद्यानं फक्त त्या माणसाच्या वापरासाठी असते, म्हणजे वडील चालवणार आणि आई मागं बसणार हे ठीक, पण रविवारी तू मित्रांना घेऊन पन्हाळ्याला काढलीस तर ते बसत नाही.

आता रस्ते तीन आहेत. पहिला म्हणजे ॲक्टिव्हाला असतात तशी दोन्ही बाजूला आधाराची चाकं, मूळ चाक मधे तसंच. सगळ्यात स्वस्त, पण साडेतीनशेच्या गाडीला आणि लांबच्या प्रवासाला मला हा प्रकार पटत नाही, कारण खड्ड्यात दोन्ही बाजूची चाकं कडेवर टेकली की मधलं चालतं चाक लोंबकळतं, मग ना ओढ ना मागचा ब्रेक. गावातल्या गावात फिरायला मात्र स्कूटरला हे कीट उत्तम आणि वडिलांचं काम तेवढंच असेल तर खरंच तेच कर, थंडरबर्डला हात लावू नको. दुसरा रस्ता साइडकार, आईला बसायला आरामात, पण चालवायला वेगळीच सवय लागते आणि एका बाजूला ओढते. तिसरा तुझा, मागं पूर्ण ॲक्सल. सौराष्ट्रात छकडो पळतो तो हाच प्रकार, पुढून बुलेट मागून गाडा, त्यामुळं कल्पना नवीन नाही, फक्त छकडो शेतातला माल घेऊन जातो आणि तुला आईला घेऊन करूळ घाट उतरायचाय.

मागच्या ॲक्सलमध्ये पण लोक पैसे वाचवायला बघतात. कोण सांगेल की सरळ ३५ मिमीचा ईएन८ पोलादाचा शाफ्ट टाक, दोन यूसीपी २०७ पेडेस्टल बेअरिंग, मधे स्प्रॉकेट, झालं. सरळ रस्त्याला झालंच, पण १.२ मीटर रुंदीच्या ॲक्सलला सहा मीटर रेडियसच्या वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा २२ टक्के जास्त अंतर कापायचं असतं, शाफ्ट एकच असल्यावर ते होणार कसं, एक टायर घासणार आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघणार. पावसात पुढचं चाक घसरतं ते यामुळंच. दुसरा सल्ला मिळेल की एकाच चाकाला चेन जोड, दुसरं मोकळं. ॲक्सिलरेटर दिला की एका बाजूला, सोडला की दुसऱ्या बाजूला, दिवसभर हँडलशी कुस्ती. त्यामुळं डिफरन्शियलवर तू आलायस ते बरोबर, पण ओम्नीचा घेऊ नको म्हणजे झालं, तो लांब प्रोपेलर शाफ्टवर चालतो आणि तुझी चेन आडव्या शाफ्टला फिरवते, मधे ९० अंशाचा गिअरबॉक्स लागेल. रिक्षाचा तर इंजिन-गिअरबॉक्सच्या पोटातच असतो.

मारुती ८०० चं चालतं कारण ती फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, गिअरबॉक्समधला डिफरन्शियलचा डबा आडवाच बसलेला असतो. त्याच्यावरचा मोठा रिंग गिअर काढायचा आणि त्या जागी स्प्रॉकेट बोल्ट करायचं. बाहा स्पर्धेच्या गाड्या बनवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना विचार, असल्या जोडण्यांवर त्यांचे रात्रंदिवस प्रयोग चाललेले असतात. यात तीन गोष्टी बघ. एक, तो डबा मूळ गिअरबॉक्समध्ये तेलात बुडलेला असतो, तू बाहेर उघडा ठेवलास तर आतले छोटे गिअर कोरडे पडून चावले जातील, म्हणून त्याला ऑइल सीलसकट बंद हाउसिंग पाहिजे, स्प्रॉकेट बाहेर आणि डबा आत. हेच सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड लेथकाम आहे, इथं घासाघीस करू नको. दोन, स्प्रॉकेट मध्यात आहे का ते डायल लावून बघ, मिलिमीटरभर जरी लंगडं फिरलं तरी चेन एकदा ताठ एकदा ढिली होत राहते. तीन, ३८ दातांचं स्प्रॉकेट पाच-अष्टमांश पिचला १९२ मिमीच्या आसपास भरतं, चेन आणि गार्ड धरून ॲक्सलच्या खाली ११० मिमी लोंबतं, आणि १४५/७० आर१२ टायरला ॲक्सलची उंची २५४ मिमी, टायर दबला की त्याहून कमी. म्हणजे जमिनीपासून १४० उरलं. आपल्याकडचे गल्लीतले स्पीडब्रेकर आठव आणि गार्ड ५ मिमी पट्टीचं कर.

ड्राइव्ह शाफ्ट कापून मधे पाइप घालून वेल्ड करणारे खूप आहेत. करू नको. दोन्ही शाफ्ट मूळचेच वापर, ते लहान-मोठे असतात त्यामुळं डिफरन्शियल आपोआप एका बाजूला सरकतो, लहान शाफ्ट चेनच्या बाजूला ठेव, चेनलाइन पण सोपी होते. मापात अगदीच बसत नसेल तर ईएन२४ पोलादाचा नवा शाफ्ट करून स्प्लाइन कापून हीट ट्रीटमेंट करून घे, पैसे जातील पण आंबोलीत शाफ्ट तुटून गाडी उभी राहणार नाही. हब आणि नकल (हब धरणारा सांधा) पण ८०० च्या पुढच्याच घ्यायच्या, कारण चालतं चाक तिथलंच, फक्त स्टिअरिंगचा हात कायमचा लॉक करायचा आणि दोन्ही चाकं समांतर आहेत हे दोरी लावून बघायचं.

हे सगळं मूळ स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या आर्मवर) नुसतं वेल्ड करून चालत नाही हे मात्र नीट समजून घे. मोटारसायकलचा स्विंगआर्म वर-खाली हलायला केलाय, पिळायला नाही. एक चाक खड्ड्यात आणि एक वर असताना १.२ मीटरची पहार त्याला पिळते, आणि तो पीळ शेवटी त्या पिव्होटच्या बोल्टवर आणि बुशांवर जातो. म्हणून नवा रुंद स्विंगआर्म कर, ए आकाराचा, सीमलेस पाइपचा, पिव्होटला मूळ बोल्टशिवाय चेसिसच्या दोन्ही बाजूंना जाड प्लेटा बांधून आधार रुंद कर, डिफरन्शियल, नकल, सगळं त्याच आर्मवर बसव म्हणजे चेनचा ताण वर-खाली होताना फारसा बदलत नाही. शॉकअप जितके बाहेर तितकं चांगलं. वजन सगळं स्प्रिंगच्या खाली आल्यानं मागून थोडी आपटणार, ते स्वस्तातल्या गाडीत धरूनच चालायचं. वेल्डिंग सीओटू किंवा टिगनं, आणि जिगवर, म्हणजे सपाट चॅनेलवर सगळं क्लॅम्प करून, चेसिस ओळंब्यात धरून, आधी टाके मारून माप घ्यायचं, मग भरायचं. दुकानाच्या फरशीवर डोळ्यानं बघून केलेलं काम दहा-बारा मिमीनं हमखास तिरकं जातंय आणि मग गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालते.

गिअरिंग. तुझं मूळ मागचं चाक साधारण ६५० मिमी व्यासाचं, ८०० चं १४५/७० आर१२ हे ५०८ चं. म्हणजे आधी ८० ला इंजिन जेवढं फिरायचं तेवढं आता ६२ लाच फिरणार. १४५/८० घेतलास तर ६६. लोक लगेच लहान स्प्रॉकेट लावून हे भरून काढायला बघतात, मी म्हणतो अर्धंच भरून काढ. गाडी १९० किलोवरून २८०-३०० वर जाणार, इंजिन तेच २० हॉर्सपॉवरचं, गगनबावड्याच्या चढाला गिअरिंग छोटंच बरं पडतं, आणि ६५ च्या वर ही गाडी चालवायचीच नाहीये.

का चालवायची नाही ते सांगतो. मोटारसायकल वळणात झुकते म्हणून पडत नाही, ही झुकत नाही, ही उलटते. उलटायची हद्द तीन गोष्टींवर, मागच्या चाकांमधलं अंतर, गुरुत्वमध्य किती उंच, आणि तो पुढच्या चाकापासून किती मागं. एकच चाक पुढं असल्यानं वजन जितकं मागं तितका आधार रुंद. अंतर १.२ मीटर, गुरुत्वमध्य माणसासकट ६० सेंटिमीटर उंच आणि व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्के मागं धरला तर हद्द येते ०.६ जी, म्हणजे बाहेर ओढणारा जोर वजनाच्या ०.६ पट. म्हणजे २० मीटर रेडियसच्या घाटातल्या वळणाला ताशी ३९ ला आतलं चाक उचललं. हे पण कोरडा सपाट रस्ता, ब्रेक न लावता. वळणात ब्रेक मारला की वजन पुढं, म्हणजे अरुंद बाजूला, हद्द आणखी खाली. तिथं २५ नं जायचं, बास. टाकी भरून, सीटवर वडिलांच्या वजनाची पोती बांधून, एका बाजूच्या मागच्या चाकाखाली जॅक लावून गाडी किती अंशाला दुसरीकडं कलते ते बघ, वरच्या आकड्यांना ३१ अंश येतं, २५ च्या आत आलं तर ॲक्सल रुंद कर किंवा सीट खाली आण. दुसऱ्या बाजूला माणसं आणि दोर पाहिजेत हे सांगायला नको.

हँडल जड होणार, याची कोणी कल्पना देत नाही. वडिलांना इतकी वर्षं झुकवून वळवायची सवय, आता नुसत्या दंडाच्या जोरावर वळवायची. मोठ्या गोल्डविंगच्या ट्राइकला फोर्कचा कोन बदलणारी वेगळी टी (फोर्कचे दोन्ही पाइप धरणारी पट्टी) मिळते, तिनं ट्रेल, म्हणजे हँडलची रेषा जमिनीला जिथं भिडते तिथपासून पुढचा टायर किती मागं टेकतो ते अंतर, कमी होऊन हँडल हलकं होतं. आपल्या बजेटात ते नाही आणि फोर्कची टी कापून वेल्ड करणाऱ्या माणसाच्या दुकानात परत पाऊल टाकू नको. फुकटातला उपाय म्हणजे मागची उंची. बारा इंची चाकं लावून नुसतं जोडलंस तर मागनं गाडी ७० मिमी खाली बसते, फोर्क आणखी तिरका, हँडल आणखी जड. म्हणून आर्म असा बनव की वडील बसल्यावर चेसिस मूळ उंचीला किंवा थोडी वरच राहील. मागं साधारण २४ मिमी वर उचललं की फोर्क एक अंशानं उभा होतो आणि ट्रेल सहा-सात मिमीनं कमी होतो. एक ते दोन अंश पुरे, जास्त केलंस तर हँडल थरथरायला लागतं. रुंद हँडलबार, नवा कोनसेट (हँडलच्या मुळाचे बेअरिंग) आणि एक साधा स्टिअरिंग डॅम्पर, एवढ्यात काम भागतं.

ब्रेक. २०१२ चं मॉडेल हे तुझं नशीब, एबीएस नाही. एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला मागच्या चाकाचा सेन्सर काढला की नवी भानगड. पण मूळ मागचा मास्टर सिलिंडर एका छोट्या कॅलिपरसाठी आहे, त्यावर ८०० चे दोन मोठे कॅलिपर जोडलेस तर पेडल तळाला जाईल आणि ब्रेक लागणारच नाही. तीनचाकी रिक्षाचा हायड्रॉलिक मास्टर बसव, बोअर कॅलिपरशी जुळतोय का ते बघून, आणि पेडलचा लिव्हर त्याप्रमाणं. दोन्ही चाकांना ब्रेक पाहिजेच. डिफरन्शियलच्या डब्यावर एकच डिस्क लावून दोन्ही चाकं थांबवायची आयडिया स्वस्त दिसते, पण एक चाक वाळूवर किंवा हवेत असलं की तेच फिरतं आणि दुसऱ्याला काही पोचत नाही. तसली डिस्क हँडब्रेकला वापर. आणि हँडब्रेक लागतोच, साइड स्टँड गेला, ज्योतिबाच्या चढाला दगड शोधत बसणार का?

रिव्हर्स. ३०० किलोची गाडी उतारावर तोंड करून लावली तर मागं कोण ढकलणार, तेही खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस. क्वाडबाइकला चेनमधे बसणारा छोटा रिव्हर्स गिअरबॉक्स मिळतो, तो टाकायचा असेल तर आर्म बनवायच्या आधी ठरव, कारण चेनची सगळी मापं त्यानं बदलतात. नाही टाकला तर गाडी कायम बाहेर निघता येईल अशीच लावायची, महाद्वार रोडला न्यायचीच नाही.

पैशाचं माझ्या अंदाजानं असं. जुन्या बाजारातून ८०० चा पुढचा सगळा सेट, चाकांसकट, १२ ते १५ हजार. हाउसिंग, स्प्रॉकेट, लेथ-मिलिंग मिळून तेवढेच. पाइप, प्लेट, वेल्डिंग १२. ब्रेकचं सामान आणि शॉकअप १०. नवे टायर, कोनसेट, डॅम्पर मिळून १०. इथंच ६० झाले. मडगार्ड, सीट, पेंट, वायरिंग, आरटीओचे हेलपाटे राहिलेच, रिव्हर्स धरला तर ८०-८५ च्या खाली मला दिसत नाही. फायबरची बॉडी, अलॉय, एलईडी पट्ट्या पुढच्या वर्षी कर, पत्र्याचे साधे मडगार्ड आणि नंबरप्लेट दिसेल असे टेललाइट यावर गाडी पास होते. घरी करण्यासारखं पण भरपूर आहे, खोलणं, धुणं, पुठ्ठ्याचे नमुने कापणं, वायरिंग, रंग, त्यात मजुरीचे दहाएक हजार वाचतील. बोल्ट मात्र सगळे ८.८ ग्रेडचे आणि नायलॉक नट, पेटीत पडलेले जुने वापरू नको.

तयार झाल्यावर लगेच रस्त्यावर नको. गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीला ओळखीच्या कारखान्याचं आवार बघ आणि आधी वडिलांना रिकाम्या जागेत आठ आकडे काढू देत. सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे थांबताना पाय खाली टाकणं, मोटारसायकलवर तो पाय आधार होता, इथं मागचं चाक त्याच पायावर चढतं. फूटबोर्ड रुंद कर, मागून चाकापर्यंत बंद, आणि आईचे पण पाय त्यावरच राहतील असं बघ. रस्त्याचा उतार असेल तिकडं गाडी ओढत राहते, त्यानं घाबरायचं नाही. खड्डा चुकवताना लक्षात ठेवायचं की आता तीन चाकांच्या तीन वाटा आहेत, एक चुकवला की दुसरा लागतोच, म्हणून वेग कमी करून सरळ जायचं.

आणि एक तू विचारलंच नाहीस. थंडरबर्डचा गिअर डाव्या पायात आहे आणि वडिलांचा तोच पाय गेलाय. हील-टो लिव्हरनं भागतं का ते आधी गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, पन्नासवेळा गिअर टाकायला लावून बघ. दुखायला लागलं तर रॉड वर घेऊन हाताचा गिअर करावा लागेल, तो क्लच लिव्हरशी कसा जुळवायचा ते चेसिस उघडी असतानाच ठरवायचं. ही चाचणी या रविवारीच करून घे, तिला खर्च शून्य आहे आणि ८०० चा सेट घ्यायचा की स्कूटरचं कीट ते तिथंच कळेल.